अकिन्यीचं वय

८ मार्च, शनिवार

क्षिप्राच्या बास्केटबॉल संघात आज एक नवी मुलगी आली. नाव अकिन्यी. केनियातल्या किसुमू गावची. तिची आई क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात माशांच्या रोगांवर संशोधन करते. दोघी जानेवारीत इथे सिंगापूरला आल्या. उंची सहा फुटांच्या आसपास. वय पंधरा, म्हणजे क्षिप्राएवढंच, असं सांगण्यात आलं.

शनिवारी सकाळी बिशानच्या हॉलमध्ये आम्ही पालक कडेच्या बाकांवर बसतो. कोच लिमनी तिला पहिल्याच दिवशी सरावाच्या सामन्यात उतरवलं. धावताना ती घाईत आहे असं वाटत नाही, तरी चेंडूजवळ सगळ्यांच्या आधी पोचलेली असते. शेजारी हेमचंद्र बसला होता. त्याची अदिती याच संघात आहे. खालच्या आवाजात तो म्हणाला, "पंधरा?"

मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

२२ मार्च, शनिवार

क्षिप्रा आज पहिल्या पाचात नव्हती. तिच्या जागी अकिन्यी. क्षिप्रा दुसऱ्या क्वार्टरला उतरली. संघ मोठ्या फरकाने जिंकला. निकालाच्या दृष्टीने कोचचा निर्णय बरोबर होता, हे मान्य करायला हवं.

परत येताना क्षिप्रा MRT मेट्रोमध्ये अकिन्यीशी फोनवर व्हिडिओची देवाणघेवाण करत होती. जागा गेल्याचं वाईट वाटलं का, असं विचारलं. म्हणाली, "बाबा, ती पास देते ना, चेंडू बरोबर हातात येतो. आधी कधीच असं यायचा नाही." मुलं असं काहीतरी बोलून वेळ मारून नेतात.

६ एप्रिल, रविवार

अकिन्यी जेवायला आली होती. क्षिप्राने परस्परच बोलावलं होतं. स्मिताने मुगाची उसळ आणि पोळ्या केल्या. ताट समोर आल्यावर ती पोरगी क्षणभर बघतच राहिली. मग म्हणाली, त्यांच्याकडेही हेच असतं. पोळीला चपातीच म्हणतात आणि मुगाला न्डेंगू. क्षिप्रा हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होती. आमच्या ब्लॉकखाली गेला महिनाभर डेंगूच्या सूचनेचा फलक लागलेला आहे. अकिन्यीला तो विनोद समजावून सांगितल्यावर तीही हसली. पाच पोळ्या खाल्ल्या. स्मिता खूश.

जेवणानंतर तिने फोनवर किसुमूचं मैदान दाखवलं. चर्चच्या आवारातलं सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी नाही. ती खेळायला लागली तेव्हा मुलगे मुलींना हाकलून द्यायचे, म्हणाली. आता सकाळी मुलींची रांग लागते आणि चेंडू कमी पडतात. त्यांची कोच एक बाई आहे, दिवसा बँकेत काम करते. मावसबहीण रवांडातल्या एका अकादमीत गेली. पूर्वी कुणी उंच निघालं की बाहेरदेशी न्यायला माणसं यायची. आता तिथेच लीग आहे, सामने टीव्हीवर दिसतात, शाळेशाळेत संघ निघालेत. हे सगळं ती अशा सहजतेने सांगत होती, जणू आपल्या चाळीतल्या गमती सांगतेय.

"आणि तुला काय व्हायचंय?" स्मिताने विचारलं.

"पॉइंट गार्ड," ती म्हणाली. सगळ्या संघाला खेळवणारी. मग आठवल्यासारखं, "आणि मम्मी म्हणते, इंजिनियर."

बोलण्यात पोच आहे. पंधराव्या वर्षी इतकी असते का, हा प्रश्न मनात आला. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

८ एप्रिल, मंगळवार

जूनमध्ये इथे एक निमंत्रितांची स्पर्धा आहे. सोळा वर्षांखालच्या मुली. मलेशिया, थायलंड, फिलिपिन्सचे संघ येतील. पालकांच्या ग्रुपवर आज अकिन्यीचा विषय निघाला. तिचा उडी मारतानाचा एक फोटो कुणीतरी टाकला आणि खाली लिहिलं, "खांदे बघा." बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. मला तो प्रकार आवडला नाही. शंका असेल तर ती रीतसर मांडावी.

दुपारी हेमचंद्र ऑफिसजवळ आला होता, हार्बरफ्रंटला एकत्र जेवलो. म्हणाला, "तू दिवसभर हेच करतोस ना? जहाजांचे कागद तपासतोस. तूच लिही. तुझ्या लिहिण्याला वजन आहे."

खरं आहे. कागद चोख आणि कंटेनरमध्ये माल भलताच, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. कुणावर आरोप करायचा नसतो. फक्त विचारायचं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

स्पर्धेच्या आयोजन समितीला मेल पाठवला. प्रत संघातल्या सगळ्या पालकांना. दोन संध्याकाळी खर्चून लिहिला. मूळ इंग्रजीत आहे, पण त्यातला मुख्य भाग मराठीत असा होईल: 'कागदपत्रे सदोष असू शकतात, प्रसंगी मागाहून तयार केलेली असू शकतात. शरीर खोटे बोलत नाही. तरी संबंधित खेळाडूची मनगटाच्या एक्स-रेद्वारे वयनिश्चिती करण्यात यावी.' अकिन्यीविषयी एकही वावगा शब्द नाही. नावही एकदाच आहे.

क्षिप्राचा यात काही संबंध नाही. ती पहिल्या पाचात असती तरी मी हेच लिहिलं असतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर स्मिताला मेल दाखवला. वाचून तिने फोन परत दिला. "क्षिप्राला विचारलंस?"

"तिला कशाला यात ओढायचं?"

"मग मलाही आत्ता कशाला दाखवतोस," असं म्हणून ती भांडी आवरायला गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

क्षिप्रा दोन दिवस बोलत नाहीये. सरावाला एकटी जाते म्हणाली. जागा गेल्याचं दुःख आता वर येत असावं.

१९ एप्रिल, शनिवार

अकिन्यीच्या आईचा फोन आला. भेटू शकाल का, असं विचारलं. आवाजात राग नव्हता. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या एका टेबलाशी भेटलो. डॉ. रोझ ओढियाम्बो. त्या आधी येऊन बसल्या होत्या, समोर माझ्या मेलची छापील प्रत.

"तुम्ही शंका म्हणता. कशावरून आली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वैयक्तिक काही नाही. शरीराची ठेवण आणि खेळातली जाण, दोन्ही वयाच्या मानाने पुढची वाटतात.

"ती सात वर्षांची असल्यापासून खेळते. जाण तिथून आली. आणि शरीराचं म्हणाल तर..." त्या चहा आणायला उठल्या. तोवर मी त्यांना बसलेलंच पाहिलं होतं. माझ्याहून वीतभर उंच बाई. शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वर करून पाहिलं. दोन कप घेऊन त्या परत आल्या आणि बसल्या. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग म्हणाल्या, "तिचा पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, सगळं मी क्लबला दिलंय. बाकीच्या मुलींकडे काय मागितलंत?"

"बाकीच्यांबद्दल कुणाला शंका नाही."

"हो. मी तेच विचारत होते."

त्यांनी मेलच्या प्रतीची घडी घातली. शेवटी त्यांनी सांगितलं, एक्स-रेला त्यांची हरकत नाही. अट एकच, संघातल्या सगळ्या मुलींचा काढायचा. एकट्या तिला त्या खोलीत पाठवणार नाहीत.

अट रास्त होती. घरी येऊन लगेच समितीला कळवलं. नियम सगळ्यांना सारखा हवा, असं मी नेहमीच म्हणत आलोय.

२६ एप्रिल, शनिवार

समितीने नेमलेल्या क्लिनिकमध्ये सगळ्या मुलींचे एक्स-रे झाले. काही पालक कुरकुरले. मुलींनी मात्र त्याची सहल केली. सगळ्या मिळून बबल टी प्यायला गेल्या. अकिन्यी आणि क्षिप्रा मागे रेंगाळत चालल्या होत्या, काहीतरी बोलत. मी हात केला. अकिन्यीने हात केला. क्षिप्राने नाही.

७ मे, बुधवार

निकाल आला. अकिन्यीच्या मनगटाच्या हाडांची वाढ अजून चालू आहे. तिच्या वयाशी जुळतं. हरकत नाही.

क्षिप्राची वाढ पूर्ण झालेली आहे. अहवालात 'अठरा किंवा अधिक' असं लिहिलंय.

तीनदा वाचलं. नाव तपासलं. तिचंच.

क्लिनिकला फोन केला. तिथले डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, काही मुलींची हाडं लवकर जुळून येतात, यात आजार काही नाही, घाबरू नका. मी विचारलं, मग यावरून वय कसं ठरवता? ते म्हणाले, "आम्ही वय ठरवत नाही, सर. आम्ही हाड बघतो. वय ठरवायला तुम्ही सांगितलंत."

९ मे, शुक्रवार

समितीला क्षिप्राचा जन्मदाखला पाठवला. ती इथेच जन्मली, सिंगापूरमध्ये. लसीकरणाची नोंद, बालवाडीपासूनचे दाखले, सगळं स्कॅन करून. सोबत बारशाचा फोटोही जोडला होता. स्मिता म्हणाली, फोटो काढून टाक. काढला.

संध्याकाळी उत्तर आलं. आपल्या पत्राची दखल घेतली आहे. मात्र कागदपत्रे सदोष असू शकतात, प्रसंगी मागाहून तयार केलेली असू शकतात, हे तत्त्व समितीने याच प्रकरणात स्वीकारलेले असल्याने एका खेळाडूला वेगळा न्याय देता येणार नाही.

वाक्य चांगलं बांधलेलं होतं. माझंच होतं.

१० मे, शनिवार

आज क्षिप्राला सांगणं भाग होतं. ती सोफ्यावर बुटांच्या नाड्या बांधत होती. मी सगळं नीट क्रमाने सांगितलं. हाडांचा विषय, डॉक्टरांचं म्हणणं, समितीचं उत्तर. जूनच्या स्पर्धेत तिला खेळता येणार नाही, हे सगळ्यात शेवटी.

तिने बांधलेल्या नाड्या सोडल्या. म्हणाली, "मग मी किती वर्षांची आहे, बाबा?"

"पंधरा. हा काय प्रश्न झाला?"

"शुअर?"

मी म्हणालो, तुझ्या जन्माच्या वेळी मी तिथे होतो.

"अकिन्यीची मम्मी पण तिथे होती," ती म्हणाली.

मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

१३ मे, मंगळवार

हेमचंद्रचा फोन. "तुझ्या क्षिप्राचं असं कसं निघालं रे?" आवाजात काळजी होती. पण 'असं' या शब्दावर तो जरा थांबला, असं मला वाटलं. कदाचित थांबला नसेल.

१७ मे, शनिवार

बातमी आहे. अकिन्यीला केनियाच्या सोळाखालच्या संघाच्या शिबिराला नैरोबीला बोलावलंय. तिच्या किसुमूच्या कोचबाईंनी नाव दिलं होतं. शिबिर नेमकं जूनमध्येच. कोच लिमना तिने सांगितलं की ती इथली स्पर्धा सोडतेय. ते आज हॉलमध्ये नुसतेच बसून होते, शिट्टीही वाजवली नाही.

मला नवल वाटलं. इथे लाकडी फ्लोअर, वातानुकूलित हॉल, चार देशांचे संघ. बाकावरचे पालकही हेच बोलत होते. तिथे काय मिळणार?

२४ मे, शनिवार

अकिन्यी निरोप घ्यायला आमच्याकडे आली. ती आणि क्षिप्रा ब्लॉकखालच्या कोर्टवर खेळत होत्या. मी वरून कॉरिडॉरमधून पाहत उभा होतो. क्षिप्राला इतक्या दिवसांनी धावताना पाहिलं. अकिन्यी तिला डाव्या हाताने चेंडू रिंगकडे न्यायला शिकवत होती. चुकलं की दोघी हसायच्या आणि पुन्हा पहिल्या जागेवर जायच्या.

मी खाली गेलो. दोघी थांबल्या.

"इथे राहून ही स्पर्धा खेळायला हवी होतीस," मी म्हणालो. दुसरं काहीतरी बोलायला गेलो होतो.

अकिन्यीने टीशर्टने तोंड पुसलं. "अंकल, तिथे मला विचारतात, तुला डाव्या हाताने जमतं का. मला ते आवडतं."

ती उद्धटपणे बोलली नाही. मी विषय काढला म्हणून तिने सांगितलं, एवढंच. मी म्हणालो, मेलबद्दल मला वाईट वाटतंय. ती म्हणाली, "ओके, अंकल," आणि चेंडू क्षिप्राकडे टाकला.

२७ मे, मंगळवार

ऑफिसमधून लवकर निघून क्लेमेंटीला गेलो. डॉ. रोझ सामान बांधत होत्या. लेकीला नैरोबीला पोचवून त्या परत येणार आहेत. मला आत बोलावलं, खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला जागा केली. मी माफी मागितली. या वेळी नीट. कारणं दिली नाहीत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मी ती घेते. पण मेल सगळ्या घरांत गेला होता, आणि माफी मागायला तुम्ही एकाच घरी आलात."

निघताना त्यांनी क्षिप्रा कशी आहे ते विचारलं. तिच्या हाडांमध्ये काळजीचं काही नाही ना, हेही. आम्हाला ओळखणाऱ्यांपैकी हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनी विचारला, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

२८ मे, बुधवार

सगळ्या पालकांना लिहायला बसलो. पहिला मसुदा स्मिताने वाचला.

"'अशी शंका उपस्थित करण्यात आली.' कुणी केली?"

"मी. कळतंच की ते."

"मग तसं लिही."

लिहिलं. मी शंका घेतली. माझ्याकडे पुरावा नव्हता. ती मुलगी माझ्या मुलीहून चांगली खेळत होती आणि ते मला पाहवलं नाही. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. खरं आहे की नाही, अजून नक्की ठरवता येत नाही. पण खोडलेलं बरोबर दिसत नव्हतं.

पाठवलं. ग्रुपवरही टाकलं. कोच लिमनी अंगठा दाखवला. हेमचंद्रने वाचलं, काही लिहिलं नाही. बाकी कुणीच काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी जर्सीच्या मापांबद्दल विचारलं आणि ग्रुप त्या विषयावर गेला.

मेल मी क्षिप्रालाही पाठवला. तिचं उत्तर आलं नाही. मात्र जेवताना तिने माझ्याकडे लोणच्याची बरणी मागितली. बरेच दिवस ती अशा गोष्टी आईकडेच मागत होती.

७ जून, शनिवार

स्पर्धेचा पहिला दिवस. क्षिप्रा येणार नाही असं धरून चाललो होतो. सकाळी ती तयार होऊन दारात उभी. मुलींना पाणी द्यायला कुणीतरी हवं, म्हणाली.

आपला संघ हरला, फार वाईट हरला. मध्यंतरानंतर क्षिप्रा माझ्याशेजारी येऊन बसली. मागच्या रांगेत दुसऱ्या कुठल्यातरी संघाचे दोन पालक होते. त्यांच्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "ती बघ, निळ्या टीशर्टमधली. जास्त वयाची निघाली. पकडली." तो आवाज काही फार हळू नव्हता.

मी उठायला लागलो. क्षिप्राने माझी बाही धरली.

"बस ना, बाबा."

"अगं, पण तो..."

"काय करणार? बर्थ सर्टिफिकेट दाखवणार? तो म्हणेल, पेपर्स कॅन बी मेड."

मी बसलो. ती पुढे बघत राहिली. कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. बिशानच्या हॉलमध्ये मार्चपासून दर शनिवारी अकिन्यी अशीच मान ताठ ठेवून वावरत होती. आम्ही सगळे बाकावर बसलेलो असायचो, आणि आमचेही आवाज काही फार हळू नसायचे.

१९ जुलै, शनिवार

पूर्व आफ्रिकेतल्या सोळाखालच्या मुलींची स्पर्धा कंपालात चालू आहे. अकिन्यीची निवड झाली. आज केनियाचा सामना होता, क्षिप्राने टीव्हीवर लावून दिला. इथे संध्याकाळ, तिथे भर दुपार. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या गणवेशातल्या मुली, रांगाच्या रांगा, काही भिंतीला टेकून उभ्या. कॅमेरा त्यांच्यावरून फिरला की त्या ओरडायच्या.

दोन्ही संघ राष्ट्रगीतासाठी ओळीत उभे राहिले. मी अकिन्यीला शोधत होतो आणि ती सापडेना. मला वाटत होतं, सगळ्यांत उंच दिसेल. क्षिप्राने पडद्यावर बोट ठेवलं. शेवटून दुसरी. शेजारची मुलगी तिच्याहून डोकंभर उंच, पलीकडच्या दोघी खांद्यांनी रुंद. त्यांच्यात ती बारकीशी दिसत होती. जर्सी तिला ढगळ होत होती, सारखी खांद्यावरून सरकवत होती.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिला उतरवलं. एक सुंदर पास दिला. लगेच दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. फ्री थ्रो मिळाले, त्यातला एक चुकला. चेंडू रिंगला लागून उडाल्यावर तिने बाकावर बसलेल्या केनियाच्या कोचबाईंकडे पाहिलं आणि जर्सीचा गळा दातांत धरला. एखादं लहान पोर काही सांडलं की जसं आईकडे बघतं, तशी.

"किती लहान आहे ती," मी म्हणालो.

स्मिताने माझ्याकडे पाहिलं.

"पंधरा वर्षांची आहे, बाबा," क्षिप्रा म्हणाली. नजर पडद्यावरच होती. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, तशा आवाजात.

दुसरा फ्री थ्रो आत गेला. गणवेशातल्या मुली जागच्या जागी नाचू लागल्या. क्षिप्राने पाय पोटाशी घेतले, सोफ्यावर माझ्यासाठी थोडी जागा झाली, आणि मी बसलो.